गंधकाला एक ऑक्सिजन पुरे

दरवर्षी १० फेब्रुवारीच्या सुमारास आपल्या शाळेत जंताच्या गोळ्या वाटल्या जातात, हे तुम्हांस ठाऊक आहेच. २०१५ सालापासून देशभर पाळल्या जाणाऱ्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाचा तो कार्यक्रम. गोळीचे नाव अल्बेंडाझोल, मात्रा ४०० मिलिग्रॅम, आणि ती गिळावयाची नसून चावून खावयाची. त्या दिवशी नववीच्या वर्गावर देखरेखीचे काम आमच्याकडे होते. मुले रांगेने येत, गोळी चावत, तोंड वाकडे करीत आणि पाणी पिऊन जागेवर जात. एका मुलीने मात्र गोळी हातात घेतली आणि तशीच टेबलावर ठेवली.

"बाई, ह्या गोळीत सल्फाइड आहे. विज्ञानाच्या पुस्तकाबाहेरचे म्हणून सरांनी फळ्यावर तिची आकृती काढून दाखविली होती. आणि सचिनला माणसे मेली ती सल्फाइडनेच ना?"

आम्ही म्हणालो, "अगं, ते निराळे, हे निराळे."

"निराळे कसे, बाई? ते आम्लात मिसळले म्हणून वायू झाला, असे बाबा म्हणतात. पोटातही आम्ल असतेच की."

मुलीचे वडील सचिनच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाईच्या गिरणीत काम करतात. तिचा प्रश्न खोडसाळपणाचा नव्हता, भीतीचा होता, आणि त्यातील तर्कही बिनचूक होता. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. मराठी आणि इतिहास हे आमचे विषय. त्या क्षणी आम्हांस उत्तर देता आले नाही, हे कबूल केले पाहिजे. "सरकार देते ते वाईट कसे असेल?" असे म्हणून तिचे तोंड बंद करणे सोपे होते, परंतु ते उत्तर नव्हे. गोळी आम्ही परत ठेवून घेतली. राहिलेल्या मुलांसाठी काही दिवसांनी पुन्हा वाटप होते, तोवर तिने वाट पाहावी आणि आम्ही अभ्यास करावा, असे ठरले. त्या आठवड्यात आमच्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांना आम्ही जो त्रास दिला, त्याचे फळ म्हणजे हा लेख.

प्रथम सचिनची हकीकत. ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे सचिनच्या औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधील टाकाऊ रसायन चोरून नाल्यात सोडले जात होते. नाल्यातून विषारी वायू उठला आणि जवळच्या गिरणीतील सहा कामगार मृत्युमुखी पडले. वीसाहून अधिक माणसे रुग्णालयात गेली. तपासात सोडियम हायड्रोसल्फाइड ह्या रसायनाचे नाव पुढे आले. हे एक लवण होय. त्यात गंधकाचा अणू सोडियम व हायड्रोजन यांच्या सोबतीला असतो. आणि आम्लाशी गाठ पडताच तो सोडियमची सोबत सोडून आणखी एक हायड्रोजन पकडतो. त्यातून जो वायू होतो तो हायड्रोजन सल्फाइड. कुजक्या अंड्यासारखी त्याची घाण अगदी अल्प प्रमाणातही नाकाला कळते. पण हवेच्या दहा लक्ष भागांत हा वायू सुमारे शंभर भाग झाला की नाकच बधिर होते, आणि वास नाहीसा झाला म्हणजे धोका टळला असे माणसाला वाटते. शिवाय तो हवेपेक्षा जड. गटार, हौद, खड्डा अशा खोल जागी साचून राहतो. एक माणूस खाली कोसळला म्हणून दुसरा त्याला काढावयास उतरतो आणि तोही वर येत नाही, असे अपघात पुनःपुन्हा घडतात. ज्यांच्या घरची माणसे गिरण्यांत कामाला आहेत त्यांनी एवढी गोष्ट घरी अवश्य सांगावी: अशा जागी श्वासाचे साधन लावल्यावाचून कोणीही, कोणासाठीही उतरू नये.

आता गोळीतील सल्फाइड. नाव एकच असले तरी कूळ निराळे. अल्बेंडाझोलच्या रेणूत गंधकाच्या अणूचे दोन्ही हात कार्बनच्या हातांत गुंफलेले असतात. एका बाजूस तीन कार्बनांची लहानशी साखळी, दुसऱ्या बाजूस वलयांचा सांगाडा. कार्बन व गंधक यांमधला हा बंध जठरातील आम्लाने तुटत नाही. बंध तुटत नाही म्हणून गंधक सुटत नाही, आणि गंधक सुटत नाही म्हणून वायूही होत नाही. मुलीच्या तर्कातील एक पायरी येथे निसटली होती: आम्ल दोन्हीकडे आहे, पण आम्लाने मोकळे होणारे गंधक गोळीत नाही. अशा, दोन कार्बनांच्या मध्ये गंधक असलेल्या पदार्थांना सेंद्रिय सल्फाइडे म्हणतात.

इथपर्यंत उत्तर पुरे झाले असते. पण सहकाऱ्यांनी बोलता बोलता एक वाक्य टाकले, "गोळीचे खरे काम तर तिला एक ऑक्सिजन लागल्यावर सुरू होते, आणि दुसरा लागला की संपते", आणि आमची जिज्ञासा चाळवली.

गंधकाच्या अणूपाशी, दोन कार्बनांना हात दिल्यानंतरही, इलेक्ट्रॉनांच्या दोन जोड्या मोकळ्या उरतात. ऑक्सिजनला, म्हणजे आपल्या जुन्या पुस्तकांतील प्राणवायूला, इलेक्ट्रॉनांची मोठी ओढ. तो गंधकाच्या एका मोकळ्या जोडीवर येऊन बसला की सल्फाइडचे सल्फॉक्साइड होते. दुसऱ्या जोडीवर दुसरा ऑक्सिजन बसला की सल्फोन. त्यापुढे जागा नाही. ही तीन भावंडे एकाच सांगाड्याची असली तरी त्यांचे गुण इतके भिन्न की परकी वाटावीत.

साध्यात साधे उदाहरण डायमेथिल सल्फाइडचे. समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींपासून हे द्रव्य हवेत येते, आणि समुद्राच्या म्हणून जो एक वास आपण ओळखतो त्यात त्याचा वाटा मोठा असतो. आमची घरची बोली कोंकणी, बालपण खाऱ्या वाऱ्यातले. डुमसच्या किनाऱ्यावर उभे राहिलो की आमचे मन गावी जाते, त्याचे अर्धे श्रेय ह्या सल्फाइडास द्यावयाचे हे आम्हांस आताच कळले! हा द्रव ३७ अंश सेल्सियसलाच उकळतो. सुरतेच्या उन्हाळ्यात उघड्या बाटलीत तो टिकावयाचा नाही. त्याला एक ऑक्सिजन द्या: डायमेथिल सल्फॉक्साइड होते, ते थेट १८९ अंशांस उकळते आणि साडेअठरा अंशांखाली गोठते, म्हणजे पौषातल्या एखाद्या पहाटे प्रयोगशाळेच्या कपाटात बाटली घट्ट झालेली दिसावी. ते पाण्यात हवे तितके मिसळते आणि असंख्य पदार्थ विरघळविते. जिवंत पेशी अतिशीत करून साठविताना त्यांस बर्फाच्या स्फटिकांपासून वाचविण्यासाठी ते वापरतात. ही युक्ती १९५९ सालापासूनची. आणखी एक ऑक्सिजन द्या, आणि १०९ अंशांपर्यंत न वितळणारा, वास नसलेला पांढरा घनपदार्थ हाती येतो. कार्बन तेच, हायड्रोजन तेच, गंधक तेच.

रशियातील कझान येथील रसायनशास्त्रज्ञ अलेक्सांद्र झाइत्सेव्ह यांनी १८६६-६७च्या सुमारास नत्राम्लाच्या साहाय्याने हे सल्फॉक्साइड प्रथम तयार केले. आज प्रयोगशाळेत हेच काम सौम्यपणे करावयाचे तर हायड्रोजन पेरॉक्साइड घेतात. तुमच्यापैकी कित्येकांच्या वडिलांनी गिरणीत हे नाव वाचले असेल. कापड पांढरे करण्यास तेच लागते. त्याचा गुण असा की एक ऑक्सिजन देऊन टाकला की मागे केवळ पाणी उरते. हिशेब पाहा. ६२ ग्रॅम डायमेथिल सल्फाइडास ३४ ग्रॅम पेरॉक्साइड लागते, बेरीज ९६. निपजते ७८ ग्रॅम सल्फॉक्साइड आणि १८ ग्रॅम पाणी; बेरीज पुन्हा ९६. बाजारातील पेरॉक्साइड शेकडा ३० असेल तर ३४ ग्रॅमांसाठी सुमारे ११३ ग्रॅम द्रावण मोजून घ्यावे लागेल. हे गणित वहीत करून पाहावयाचे, घरी बाटल्या घेऊन नव्हे. तीव्र पेरॉक्साइड कातडी जाळते, आणि सेंद्रिय द्रव्यांशी गाठ पडून तापले तर भडका उडतो.

आता खरी अडचण. चंबूत लक्षावधी नव्हे, कोट्यवधींच्या कोट्यवधी रेणू असतात. प्रत्येकाला एकेकच ऑक्सिजन मिळावा, कोणाला दोन आणि कोणाला शून्य असे होऊ नये, हे साधावयाचे कसे? पंगतीत वाढपी असतो, तसा येथे कोणी नाही.

सुदैवाने निसर्गाने थोडी सोय करून ठेवली आहे. रिंग रोडच्या कापडबाजारातील हमाल पाहा. रिकाम्या डोक्यावर पहिला गठ्ठा तो चटकन घेतो. दुसरा घ्या म्हटले की कुरकुरतो. गंधकाचेही असेच आहे. पहिला ऑक्सिजन बसला की तो गंधकाकडील इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून धरतो, उरलेली जोडी आखडते, आणि दुसऱ्या ऑक्सिजनला द्यावयास गंधक तितकेसे राजी राहत नाही. म्हणून पेरॉक्साइडासारख्या द्रव्यांशी पहिली पायरी झपाट्याने चढली जाते, दुसरी सावकाश. ह्या वेगाच्या फरकातच सगळी विद्या आहे. ऑक्सिजन देणारे द्रव्य मोजून, अगदी एकास एक घ्यावयाचे. चंबू बर्फात ठेवावयाचा. ते थेंब थेंब घालावयाचे. आणि काम झाले की थांबावयाचे. द्रव्य जास्त पडले, उष्णता वाढली किंवा रात्रभर तसेच राहिले की कुरकुरणारा हमालही अखेर दुसरा गठ्ठा उचलतो. १९६२ साली अमेरिकेतील लेनर्ड व जॉन्सन ह्या संशोधकांनी सोडियम पेरआयोडेट वापरून, पाण्यात व शून्य अंशाच्या आसपास, ही क्रिया पहिल्याच पायरीवर नीट थांबते असे अनेक सल्फाइडांवर दाखवून दिले. ती रीत आजही प्रयोगशाळांत चालते. कारखान्यात मात्र पेरआयोडेट महाग पडते, म्हणून तेथे पेरॉक्साइड आणि जोडीस उत्प्रेरक, असा कल दिसतो.

एका पायरीने इतके काय बिघडते, असे कोणी विचारील. त्यास उदाहरण भयंकर आहे. १९१७ साली बेल्जममधील ईप्रच्या रणभूमीवर प्रथम वापरला गेलेला मस्टर्ड वायू हेही एक सेंद्रिय सल्फाइडच. त्याने अंगावर फोड उठतात आणि डोळे जातात. त्याला एक ऑक्सिजन दिला तर होणारे सल्फॉक्साइड फोड आणीत नाही. पण दोन दिले तर होणारे सल्फोन पुन्हा फोड आणणारेच! विष उतरवू पाहणाऱ्याने घाईने जास्त ऑक्सिजन दिला तर त्याचे श्रम व्यर्थ. (आपल्या देशाने अशा अस्त्रांचा स्वतःकडील साठा १९९७ साली जाहीर केला आणि २००९पर्यंत तो नष्ट केला, ही नोंद इतिहासाच्या शिक्षकाने करणे उचितच.)

आता स्वयंपाकघरात येऊ या; मनास बरे वाटेल. आमच्या घरी जिला 'लोसूण' म्हणतात ती लसूण. सोललेली अखंड पाकळी नाकाशी धरा: वास जवळजवळ नाहीच. ठेचा: घर भरून जाते. कारण पाकळीत अॅलिइन नावाचे, वास नसलेले द्रव्य साठविलेले असते, आणि निराळ्या कप्प्यात एक विकर असते. ठेचल्यावर दोघांची गाठ पडते आणि अॅलिसिन हे उग्र द्रव्य क्षणात तयार होते. अॅलिसिन १९४४ साली अमेरिकेत कॅव्हलिटो व बेली यांनी, तर अॅलिइन १९४८ साली बाझेल येथे स्टोल व झेबेक यांनी वेगळे केले. आणि हे अॅलिइन कोण? एक सल्फॉक्साइड! लसणीचे झाड आधी सल्फाइड तयार करते, मग विकराच्या साहाय्याने त्याला बरोबर एक ऑक्सिजन देते. सल्फोनापर्यंत ते जात नाही. गेले असते तर ठेच्याला चव राहिली नसती. कांद्याचेही असेच. त्यातील सल्फॉक्साइड फुटून शेवटी जो डोळ्यांत पाणी आणणारा पदार्थ होतो, त्यासाठी एक स्वतंत्र विकर लागते, हे जपानी संशोधकांनी २००२ साली दाखविले. लासलगावच्या बाजारातला कांदा असो की आपल्या उधना बाजारातला, रडविण्याची रीत एकच.

हा प्रयोग मात्र घरी करण्यास आमची पूर्ण परवानगी आहे. एक पाकळी कच्ची ठेचा. दुसरी अखंडच दहा मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवा, मग ठेचा. दुसरीचा वास का मंद, हे आता आजीलाही समजावून सांगता येईल: उकळल्याने विकर मेले, अॅलिइन तसेच राहिले. आजीला हे न शिकताही ठाऊक असेल, ही गोष्ट वेगळी.

औषधांच्या कारखान्यात हेच काम माणसाला करावे लागते. रात्रपाळी, अवेळी जेवण आणि तिखट, यांमुळे आपल्या भागात अनेक घरांत आम्लपित्ताच्या गोळ्या असतात. त्यांतील ओमेप्राझोल हे १९८८ साली स्वीडनमध्ये विक्रीस आलेले औषध एक सल्फॉक्साइड होय. शेवटच्या टप्प्यावर सल्फाइडास एक ऑक्सिजन देऊन ते करतात. ऑक्सिजन जास्त झाला की सल्फोन होते, ते जठरातील आम्ल रोखत नाही. आणि एकदा मिसळले की वेगळे करणे किचकट. म्हणून अशा औषधात सल्फोन किती चालेल याची मर्यादा औषधकोशांनी ठरविलेली असते, आणि ती शेकडा एकाच्याही लहानशा अंशाएवढी असते.

त्यात आणखी एक खुबी. सल्फॉक्साइडातील गंधकाला एका बाजूस एक कार्बन, दुसऱ्या बाजूस दुसरा, एकीकडे ऑक्सिजन आणि उरलेली मोकळी जोडी, असे चार भिन्न सोबती असतात. त्यामुळे, दोन्ही कार्बन-बाजू भिन्न असल्यास, त्याची दोन रूपे संभवतात: उजव्या आणि डाव्या हाताच्या पंजांसारखी, आरशात सारखी पण एकावर एक न बसणारी. लसूण यांतील एकच रूप तयार करते. माणसाला ते १९८४पर्यंत चांगलेसे जमत नव्हते. त्या वर्षी फ्रान्समध्ये हेन्री कागान यांनी, आणि इटलीत पाडुआ येथे मोडेना यांनी, टिटॅनियमचे संयुग आणि टार्टारिक आम्लाचा एस्टर यांच्या मदतीने एक हात निवडून सल्फॉक्साइड करण्याची वाट काढली. मूळ कल्पना अमेरिकेच्या शार्पलेस यांची, निराळ्या क्रियेसाठी. त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. ह्याच वाटेने पुढे एका हाताचे ओमेप्राझोल, म्हणजे एसोमेप्राझोल, कारखान्यात होऊ लागले. टार्टारिक आम्ल म्हणजे आपल्या चिंचेचा आंबटपणा. मात्र चिंचेतील आम्ल ज्या हाताचे, त्याच्या उलट हाताचे येथे लागते. आमटीची चिंच घेऊन कोणी कारखाना काढू नये.

आता परत गोळीकडे. अल्बेंडाझोलचा रेणूभार २६५. ती आतड्यात असते तोवर आतड्यातील जंतांवर स्वतःच काम करते. पण तिचा थोडा भाग रक्तात शिरतो, तो प्रथम यकृतात जातो, आणि तेथील विकरे त्याला तत्काळ एक ऑक्सिजन देतात. भार होतो २८१, आणि झाले सल्फॉक्साइड. शरीरात खोलवर, मेंदूत किंवा यकृतात, कृमींच्या गाठी झाल्या असतील तर तेथे पोहोचून लढणारे ते हेच. काही तासांनी यकृत दुसरा ऑक्सिजन देते. भार २९७, सल्फोन. आता त्यात दम उरत नाही, आणि शरीर ते बाहेर टाकते. समजा, ४०० मिलिग्रॅमची अख्खी गोळी रक्तात गेली असती, तरी तिच्या पहिल्या पायरीस लागणारा ऑक्सिजन केवळ २४ मिलिग्रॅम. ज्या कामासाठी रसायनशास्त्रज्ञ बर्फ, थेंबनळी आणि घड्याळ घेऊन बसतात, ते आपले यकृत ३७ अंशांवर, काही न बोलता करते.

आणि नाल्यातील सल्फाइड? तेथेही हिशेब ऑक्सिजनचाच आहे. असे टाकाऊ पाणी सोडण्यापूर्वी पेरॉक्साइडने शुद्ध करता येते. पाणी फारसे अल्कधर्मी नसेल तर एका रेणूस एक पेरॉक्साइड लागून पिवळे गंधक निघते. अल्कधर्मी असेल तर एकास चार लागतात आणि सल्फेट होते. खर्च आहे, पण तो टँकरमागे मोजता येण्याजोगा खर्च आहे. सचिनला सहा घरांनी जे दिले ते कोणत्या मापाने मोजावे, हे आम्हांस ठाऊक नाही.

हे सर्व आम्ही त्या मुलीस दोन दिवस मधल्या सुट्टीत सांगितले. पहिल्या दिवशी अर्धे चुकीचे सांगितले, म्हणून दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांना बरोबर घेतले. फळ्यावर गंधकाचे दोन हात आणि दोन मोकळ्या जोड्या तिने स्वतः काढल्या. राहिलेल्या मुलांच्या वाटपाच्या दिवशी ती रांगेत पहिली होती. गोळी चावून, पाणी पिऊन, तिने विचारले:

"बाई, यकृतात जे सल्फॉक्साइड होते ते उजव्या हाताचे की डाव्या?"

ह्यावेळी उत्तर आमच्या वहीत होते. यकृतात एका जातीची विकरे एक हात करतात आणि दुसऱ्या जातीची दुसरा. पण माणसाच्या रक्तात प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळविणारे रूपच अधिक आढळते. तिने ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले आणि वर्गात गेली.